पितळ

गेल्या शनिवारी सकाळी अंघोळ करून बाहेर आलो, तर आई ओट्यापाशी उभी राहून माझं नाणं घासत होती. समई, तांब्या, देवघरातली घंटा अशी ओळ लागलेली आणि त्या ओळीत शेवटी एकोणीसशे वर्षांपूर्वीचं रोमन नाणं. चिंचेच्या कोळात माखलेलं.

मी असा काही ओरडलो की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अरे, ओरडायला काय झालं? पितळच आहे ना ते? किती काळं पडलं होतं! म्हटलं समईबरोबर निघेल."

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या नाण्यावर जमिनीत राहून राहून जो काळपट-हिरवा थर चढतो ना, त्यालाच संग्राहक जपतात. तो घासून काढलेलं नाणं म्हणजे बाजारात जवळजवळ भंगार. नशिबाने आईने नुकतीच सुरुवात केली होती. कडेला नखाएवढा तुकडा पिवळाधमक झालाय, बाकीचं वाचलं.

शांत झाल्यावर लक्षात आलं की आई बरोबर बोलत होती. मी हे नाणं ऑनसाइट असताना जर्मनीतल्या एका जुन्या बाजारात पंचवीस युरोंना घेतलं. सोबत विक्रेत्याने हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली होती, तिच्यावर 'ब्राँझ' असं लिहिलंय. पुस्तकंही सरसकट 'रोमन ब्राँझ' म्हणतात. पण ब्राँझ म्हणजे आपलं कासं, तांबं आणि कथील. सेस्टर्शियस नावाचं हे नाणं तांबं आणि जस्ताचं, म्हणजे चक्क पितळेचं असतं. जस्त फार लवकर वाफ होऊन उडून जातं, म्हणून रोमन कारागीर तांबं, जस्ताची माती आणि कोळसा एकत्र बंद मुशीत तापवायचे. तिथल्या तिथे वाफ तांब्यात मुरायची. या धातूला त्यांनी वेगळं भारदस्त नावही दिलं होतं, पण आईने एका नजरेत सांगितलं ते पितळ.

तर आज या पितळेबद्दल. खरं म्हणजे त्याच्यावर कोरलेल्या अक्षरांबद्दल.

माझ्या नाण्यावर एका बाजूला सम्राट डोमिशियनचं डोकं आहे (राज्य इ. स. ८१ ते ९६). भोवती त्याच्या पदव्यांची गिचमिड. दुसऱ्या बाजूला सिंहासनावर बसलेला ज्युपिटर, भोवती 'इओवी विक्तोरी', म्हणजे 'विजयी ज्युपिटरला', आणि खाली 'एस' 'सी' ही दोन अक्षरं, म्हणजे 'सेनेटच्या ठरावानुसार'. पदव्यांमध्ये सम्राट कितव्यांदा कॉन्सुल झाला तो आकडा असतो, त्यावरून नाण्याचं साल काढता येतं. मला तो प्रकार फार आवडला होता. व्हर्जन नंबरच की! माझ्या नाण्यावर मात्र नेमका तोच झिजून गेलाय.

हिशोब असा होता: चांदीचा एक दिनारियस म्हणजे पितळेचे चार सेस्टर्शियस म्हणजे तांब्याचे सोळा आस. आसचा चौथा भाग तो क्वाड्रन्स. (आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथांतला 'दीनार' या दिनारियसच्याच घरातला.) पाँपेईतल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर दर लिहिलेले सापडलेत: एका आसला साधी वाइन, दोनला बरी, चारला फालेर्नियन, म्हणजे त्या काळची नावाजलेली. सार्वजनिक स्नानगृहात अंघोळ एका क्वाड्रन्सला. म्हणजे पाववाला, भाजीवाली, हमाल, न्हावी या सगळ्यांच्या हातात दिवसभर खेळायचं ते तांबं-पितळ. सोन्याची नाणी सेनेटर आणि सावकार मोजत बसायचे.

आणि सेस्टर्शियस हे चांगलंच मोठं नाणं. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या दहाच्या नाण्याच्या तिप्पट. चित्राला जागा भरपूर, भोवती मजकूर लिहायलाही. छापखाना नाही, वर्तमानपत्र नाही, अशा जगात राजाला सामान्य माणसाच्या थेट हातात काही द्यायचं असेल तर याच्याइतकं सोयीचं काही नव्हतं. मग देवळं, बंदरं, विजय, मेलेली आई, झालेला भूकंप, सगळ्याची आठवण नाण्यावर. टायबेरियसने तर इ. स. १७ च्या भूकंपात पडलेल्या आशिया प्रांतातल्या शहरांना मदत केल्याचं नाणं पाडलं, 'आशियाची शहरं पुन्हा उभी केली' अशा अर्थाच्या तीन शब्दांचं. ती मदत खरीही होती. सार्डिस या सगळ्यात जास्त पडलेल्या शहराला एक कोटी सेस्टर्शियस रोख आणि पाच वर्षं करमाफी.

करमाफी हा तर नाण्यावरचा अगदी आवडता विषय. यातलं माझं सगळ्यात लाडकं नाणं कॅलिगुलाचं.

ऑगस्टसच्या काळापासून लिलावातल्या विक्रीवर एक कर असायचा, शंभराला एक. त्यातून सैनिकांच्या निवृत्तीचा निधी चालायचा. टायबेरियसने तो अर्ध्यावर आणला, दोनशेला एक. कॅलिगुलाने इटलीपुरता तोही काढून टाकला आणि इ. स. ३९ च्या सुमारास त्याचं नाणं पाडलं. कुठलं? क्वाड्रन्स. सगळ्यात बारकं, अंघोळीच्या पैशाचं. मध्ये मोठ्या अक्षरांत 'आर सी सी', म्हणजे 'दोनशेवा भाग माफ'. दुसऱ्या बाजूला मुक्त झालेल्या गुलामाला घालायला देतात ती टोपी. कर गेला, तुम्ही सुटलात! आता लिलावात माल घेणारा माणूस क्वाड्रन्स मोजत बसत नसणार. पण बातमी मात्र अंघोळीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मुठीत.

पुढची गोष्ट स्युटोनियसने लिहून ठेवलीय. पैसे संपल्यावर याच कॅलिगुलाने नवे कर बसवले. शहरात विकल्या जाणाऱ्या खाण्यावर कर, खटल्यातल्या रकमेचा चाळिसावा भाग, हमालाच्या रोजच्या कमाईचा आठवा भाग, वेश्येच्या एका गिऱ्हाइकाएवढा कर. आणि हे कायदे नीट जाहीर न करताच वसुली सुरू केली. लोकांनी फारच आरडाओरड केली, तेव्हा त्याने मजकूर लावला. इतक्या बारीक अक्षरांत आणि अशा अडचणीच्या जागी, की कोणाला उतरवूनच घेता येऊ नये.

हे वाचलं तेव्हा मी ट्रेनमध्ये एकटाच मोठ्याने हसलो होतो. क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरलेल्या कोणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. माफी नाण्यावर, वसुली बारीक अक्षरांत.

तो मारला गेला (इ. स. ४१) आणि पुढे सेनेटने त्याचा चेहरा असलेली तांब्या-पितळेची नाणी वितळवायचा ठराव केला. डिओ नावाचा इतिहासकार म्हणतो की त्या धातूतून क्लॉडियसची बायको मेस्सालिना हिने एका नटाचे पुतळे करून घेतले. तरीही कॅलिगुलाची नाणी आज भरपूर मिळतात. काहींवर त्याच्या नावातलं पहिलं अक्षर कोणीतरी छिन्नीने खरवडून टाकलंय.

इथपर्यंत गंमत होती. पण माझं नाणं डोमिशियनचं, आणि त्याचा धागा ओढत गेलं की लागतं ते खजुराचं झाड. ते तितकं गमतीचं नाही.

ज्यूडियाचा खजूर रोमन जगात नावाजलेला होता, प्लिनीने त्याच्यावर लिहिलंय. त्यामुळे त्या मुलखाची खूण म्हणजे खजुराचं झाड हे सगळ्यांनाच सोयीचं होतं. रोमचे तिथले सुरुवातीचे अधिकारी आपल्या चिल्लर नाण्यांवर ते टाकायचे. इ. स. ६६ मध्ये ज्यूंनी रोमविरुद्ध उठाव केला, तेव्हा बंडखोरांनीही टाकलं. उठावाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६९-७० मध्ये, जेरुसलेमला वेढा पडायच्या सुमारास चांदीची चणचण झाली आणि त्यांनी तांब्याची नाणी पाडली. त्यातल्या एकावर सात झावळ्यांचं खजुराचं झाड, दोन्ही बाजूंना खजुराने भरलेल्या टोपल्या आणि अक्षरं: 'सियोनच्या मुक्तीसाठी'.

इ. स. ७० मध्ये जेरुसलेम पडलं, मंदिर जळलं. वर्षभरात रोमच्या टांकसाळीतून सेस्टर्शियस बाहेर पडू लागले. मध्ये तेच खजुराचं झाड. त्याच्या बुंध्याशी बसलेली एक बाई, हाताला डोकं टेकून. दुसऱ्या बाजूला कधी हात बांधलेला कैदी, तर कधी हातात भाला आणि शिरस्त्राणावर पाय ठेवून उभा असलेला सम्राट व्हेस्पेशियन. वर 'यूदाएआ काप्ता'. ज्यूडिया जिंकला.

आता 'जिंकला' हा शब्द जरा थांबून बघा. मधली तीन वर्षं सोडली तर ज्यूडिया इ. स. ६ पासून रोमच्याच थेट अमलाखाली होता. जे तुमचंच आहे ते जिंकणार कसं? बंड मोडलं म्हणा. पण बंड मोडल्याचा जल्लोष करता येत नाही, आणि व्हेस्पेशियनला जल्लोषाची फार गरज होती. नीरोच्या मरणानंतर एका वर्षात चार सम्राट झाले, त्यातला हा चौथा. घराणं साधं, ऑगस्टसशी नातं नाही. गादी मिळाली ती रोमन सैन्याने रोमन सैन्याला कापून, आणि आपल्याच लोकांवरच्या विजयाची मिरवणूक काढायची रीत नव्हती. मग परक्या मुलखावरचा विजय हवा. ७१ मध्ये थाटात मिरवणूक निघाली. तेव्हा मसादाचा किल्ला बंडखोरांच्याच ताब्यात होता आणि पुढे ७३ किंवा ७४ पर्यंत राहिला. पण टांकसाळीच्या दृष्टीने प्रोजेक्ट क्लोज झाला होता.

खुद्द ज्यूडियातही हा मजकूर असलेली चिल्लर निघाली. रोममध्ये लॅटिन, इथे ग्रीक, म्हणजे स्थानिक लोकांना वाचता यावी अशी. त्यातल्या काहींवर विजयदेवता खजुराच्या झाडाला टांगलेल्या ढालीवर लिहिताना दाखवलीय. ज्याचं घर जळलं त्याला भाजी घेताना सुटे पैसे म्हणून हे मिळणार.

आणि कर. जगभरचे ज्यू पुरुष दरवर्षी जेरुसलेमच्या मंदिरासाठी अर्धा शेकेल पाठवायचे. मंदिर जळल्यावर व्हेस्पेशियनने ती देणगी बंद केली नाही, फक्त पत्ता बदलला. आता तेवढीच रक्कम, दोन दिनारियस, रोमच्या कापितोल टेकडीवरच्या ज्युपिटरच्या देवळासाठी. आणि आता बायकांनीही द्यायची, मुलांनीही. इजिप्तमधल्या नोंदींत तीन वर्षांपासूनची पोरं आहेत. आणखी एक खोच म्हणजे, ते ज्युपिटरचं देऊळ जळलं होतं रोमन लोकांच्याच आपापसातल्या मारामारीत, इ. स. ६९ च्या डिसेंबरात. ज्यूंचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

दोन दिनारियस म्हणजे आठ सेस्टर्शियस. माझ्याकडे आहे तसली आठ नाणी, दर माणशी, दर वर्षी. पाच माणसांच्या घराला चाळीस. डोमिशियनच्या काळात साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार बाराशे सेस्टर्शियस होता, त्यावरून अंदाज करा. कंबरडं मोडणारी रक्कम नाही म्हणा, पण आपलं मंदिर ज्यांनी जाळलं त्यांच्या देवाला दरसाल पट्टी द्यायची हे काय असेल?

डोमिशियनने हा कर फार कडक वसूल केला असं स्युटोनियस सांगतो. जे ज्यू असल्याचं लपवतात त्यांच्यावर खटले, जे ज्यू नसून ज्यूंसारखे राहतात त्यांच्यावरही खटले. म्हणजे कोणी शनिवारी काम केलं नाही किंवा डुकराचं मांस खाल्लं नाही की शेजाऱ्याने जाऊन चुगली करायची. चुगली करणाऱ्यांचा तो धंदाच होता, शिक्षा झालेल्याच्या मालमत्तेत त्यांना वाटा मिळायचा. आणि इथे स्युटोनियस, जो एरवी भानगडी रंगवून सांगणारा माणूस, एक ओळ स्वतःची लिहितो. तो म्हणतो, मी तरुण असताना हे डोळ्यांनी पाहिलंय: भरल्या कचेरीत, अधिकारी आणि त्याच्या सल्लागारांच्या गर्दीसमोर, नव्वद वर्षांच्या एका म्हाताऱ्याला तपासत होते. त्याची सुंता झालीय का ते बघायला.

१८ सप्टेंबर ९६ रोजी डोमिशियनचा खून झाला. त्याच दिवशी सेनेटने नेर्वा नावाच्या म्हाताऱ्या सेनेटरला गादीवर बसवलं. भला माणूस, पण मागे सैन्य नाही, मूल नाही. त्याने जे पहिल्याप्रथम केलं त्यात नाण्यांचा सपाटा होता. त्यातलं एक मला फार आवडतं: सरकारी टपालासाठी गाड्या आणि जनावरं पुरवण्याच्या ओझ्यातून इटलीतल्या गावांना सोडवलं, त्याचं. दोन खेचरं निवांत चरताहेत आणि मागे सोडलेली गाडी, दांडे वर करून. शुक्रवार संध्याकाळचं यापेक्षा चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही. :-)

आणि दुसरं, त्याच मोठ्या पितळी नाण्यावर: मध्ये खजुराचं झाड. एकटं. ती बाई नाही, बांधलेला कैदी नाही, सम्राटाचा पाय नाही. पंचवीस वर्षं रोमन माणसाने या झाडाखाली नेहमी कोणीतरी रडताना पाहिलं होतं, आता ती जागा रिकामी. भोवती चार शब्द: 'फिस्की यूदाइकी कालुम्निआ सुब्लाता'.

पहिल्यांदा मी हे वाचलं ते घाईत, आणि मला वाटलं नेर्वाने ज्यूंवरचा कर काढून टाकला. बऱ्याच ठिकाणी तसंच लिहिलेलं सापडतं. मग एकदा शब्द सुटे करून पाहिले. फिस्कुस यूदाइकुस म्हणजे त्या कराचं खातं. सुब्लाता म्हणजे काढून टाकली. काय काढून टाकली? कालुम्निआ. म्हणजे खोटा आरोप, कुभांड. 'ज्यू कराच्या खात्यातली कुभांडं बंद केली.' डिओही तेच सांगतो, नेर्वाने कोणावर 'ज्यूंसारखा राहतो' असा आरोप करायला बंदी घातली. कर बंद केला असं कुठे म्हटलंय? एक मत असं आहे की कर काही काळ थांबला असावा. असेल. पण इजिप्तमध्ये एडफू इथे खापराच्या तुकड्यांवर लिहिलेल्या या कराच्या पावत्या सापडल्यात, ७१-७२ पासूनच्या, आणि त्या ट्राजनच्या राज्यात ११६ पर्यंत येतात. माणसाचं नाव, बापाचं नाव, रक्कम, सम्राटाचं वर्ष. तिसऱ्या शतकातला ओरिजेन नावाचा ख्रिस्ती लेखकही म्हणतो की ज्यू अजून अर्धा शेकेल देताहेत.

म्हणजे नाणं खोटं बोलत नाही. एकेक शब्द खरा आहे. आणि तरी ज्याच्या हातात पडेल त्याला वाटावं की कर गेला, अशीच त्याची घडण आहे. नेर्वाला मुद्दाम तसं वाटायला हवं होतं का, हे मी कसं सांगणार? पण चित्र निवडणाऱ्या माणसाने ती बाई काढली. नुसत्या चुगलखोरांवरच्या बंदीसाठी इतकं करायची गरज नव्हती.

आता माझं पितळ. आमचं एका क्लायंटचं बिलिंगचं काम आहे. त्यात एक घोळ होता. सुट्टीच्या दिवशी भरलेले पैसे दुसऱ्या दिवशी नोंदले जायचे आणि वेळेत पैसे भरणाऱ्यालाही विलंब शुल्क लागायचं. तो बग मी शोधला, मी सुधारला, रिलीज शुक्रवारी रात्री गेली. आधी ज्यांचे पैसे चुकीने कापले गेलेत ते परत द्यायचं काम मात्र पुढच्या रिलीजमध्ये ढकललंय, आणि पुढची रिलीज कधी ते देव जाणे. रिलीज नोट मला लिहायची होती. मी लिहिलं होतं की अमुक प्रकारच्या खात्यांवर चुकीचं शुल्क लागत होतं, ते यापुढे लागणार नाही, आधीच्या रकमांचा परतावा बाकी आहे. लीडने वाचलं आणि म्हणाला, "अरे, एवढं कशाला? छोटं कर." मग आम्ही दोघांनी मिळून छोटं केलं: 'विलंब शुल्कासंबंधीच्या तक्रारींचं निवारण करण्यात आलं आहे.'

"यात काही चुकीचं आहे का?" त्याने विचारलं.

नव्हतं. तक्रारी येत होत्या, आता येणार नाहीत. मी सेंड केलं आणि पावणेअकराची लोकल पकडली. घरी येऊन झोप येईना म्हणून नेर्वाचं प्रकरण पुन्हा उघडून बसलो आणि 'सुब्लाता' या शब्दाशी आल्यावर पुस्तक मिटून टाकलं. नोट क्लायंटला आवडलीय. अजून तशीच आहे.

असो. झाडाची गोष्ट पुरी करायला हवी.

नेर्वानंतर ट्राजन, त्याच्यानंतर ११७ मध्ये हेड्रियन. त्याचं येणंही जरा संशयास्पदच, ट्राजनने मरता मरता दत्तक घेतलं म्हणे. आल्या आल्या चार बड्या सेनेटरांची डोकी उडाली. मग ११८ मध्ये त्याने सरकारी येणं असलेले नव्वद कोटी सेस्टर्शियस माफ केले आणि थकबाकीची कागदपत्रं रोमच्या चौकात जाळली. अर्थात नाणंही काढलं, आकड्यासकट. नाण्यावर कागदांच्या गठ्ठ्याला आग लावताहेत आणि लोक बघताहेत. चार डोकी त्या नाण्यावर नाहीत, हे सांगायला नकोच.

याच हेड्रियनच्या राज्यात १३२ मध्ये ज्यूडियात पुन्हा उठाव झाला. पुढारी शिमोन बार कोखबा. बंडखोरांकडे धातूची खाण नव्हती, नाण्यांसाठी कोऱ्या चकत्या नव्हत्या. त्यांनी बाजारात फिरणारी रोमन नाणीच घेतली आणि त्यांच्यावरच पुन्हा ठसा मारला. त्यांचं एकूण एक नाणं असं दुसऱ्याच्या नाण्यावर पाडलेलं आहे. तांब्या-पितळेच्या नाण्यावरचा सम्राटाचा चेहरा आधी कानशीने घासून काढत. चांदीवर तेवढंही करत नसत, त्यामुळे कधी कधी द्राक्षाच्या घडाखालून सम्राटाचं नाक किंवा नावातली दोन-तीन अक्षरं डोकावतात. आणि तांब्याच्या नाण्यावर त्यांनी काय कोरलं? खजुराचं झाड. सात झावळ्यांचं. झाडापाशी 'शिमोन' आणि मागे 'इस्राएलच्या मुक्तीचं पहिलं वर्ष', नंतर 'जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी'. लिपी त्यांनी मुद्दाम जुनी घेतली, रोजच्या वापरातून गेलेली. आज कोणी मोडीत नाणं पाडावं तसं. ठसे कोरणाऱ्यांनाही ती नीट येत नसावी, काही नाण्यांवर अक्षरांचा क्रम गडबडलाय.

जेरुसलेमच्या नावाने काढलेली ही नाणी जेरुसलेममध्ये मात्र अगदी मोजकी सापडलीत. १३५ मध्ये सगळं संपलं. डिओ मेलेल्यांचा आकडा पाच लाख ऐंशी हजार देतो आणि उद्ध्वस्त गावांचा ९८५. आकड्यांवर वाद आहेत, विध्वंसावर नाहीत. प्रांताचं ज्यूडिया हे नाव पुसून सीरिया पालेस्तिना केलं. जेरुसलेमच्या जागी हेड्रियनने ईलिया कापितोलिना नावाची वसाहत केली, तिचीही पितळी-तांबडी चिल्लर निघाली. तिच्यावर सम्राट बैलजोडी हाकत नव्या शहराची हद्द नांगरताना दिसतो. कापितोलिना हे नाव कापितोलच्या ज्युपिटरवरून. ज्याच्या नावाने साठ वर्षं पट्टी घेतली तोच आता गावाच्या नावातही जाऊन बसला. आणि माझ्या पंचवीस युरोंच्या नाण्याच्या मागच्या बाजूलाही.

हे सगळं मी आईला शनिवारी दुपारी जेवताना सांगितलं. थोडं प्रायश्चित्त म्हणून, कारण सकाळी मी फारच ओरडलो होतो. तिने नाणं हातात घेऊन पिवळ्या कडेवरून अंगठा फिरवला. ती आता परत काळी पडायला किती दिवस लागतील ते विचारलं. मग कोशिंबीर वाढता वाढता म्हणाली, "आणि त्या म्हाताऱ्याचं काय झालं रे? नव्वद वर्षांच्या?"

स्युटोनियसने ते लिहिलेलं नाही.